नऊ तास दहा मिनिटं

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोनशे बारा पानं तपासली. डोळे नुसते चुरचुरताहेत. आणि कंपनी कशाची, तर दोन विमानतळांमधलं अंतर सांगायची! अमुक ते तमुक — इतके किलोमीटर, इतके तास. जगातल्या प्रत्येक विमानतळाची प्रत्येक विमानतळाशी सोयरीक. पानं यंत्रच तयार करतं. आम्ही चौघं फक्त बघायचं, की काही भलतंसलतं छापलं जात नाही ना. मागे एका विमानतळाच्या अक्षांशापुढचं उणे चिन्ह गळलं आणि तो बिचारा तीन आठवडे भर समुद्रात उभा होता. कुणाला पत्ता नाही.

आज मात्र एका वाचकाचं खरमरीत पत्र आलं. 'तुम्ही सहा तास वीस मिनिटं लिहिलंय. या दोन गावांमध्ये विमानच नाही! मला दोन दिवस लागले.' चिडला तर चिडू दे, बरोबरच आहे त्याचं. आमचं यंत्र नकाशावर एक सरळ रेघ ओढतं, अंतराला आठशे पन्नासने भागतं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतं — झाला उड्डाणाचा वेळ! त्या रेघेवरून खरंच कुणी उडतं का, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'सरळ अंतरावरून काढलेला अंदाज'. ती ओळ कोण वाचतंय! मोठ्या बाई म्हणाल्या, "ठरलेलं उत्तर पाठव." पाठवलं. शेजारच्या टेबलावरचा आगाऊ (नाव दुसरं आहे, पण हेच शोभतं) म्हणाला, "आपण अंतर सांगतो. पोचवायचा मक्ता घेतलाय का?" खूप हसलो.

घरी येऊन आईला फोन. खोकत होती. हवा बदलली म्हणे. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाली, "ठमे, उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

६ नोव्हेंबर, गुरुवार

दादाचा निरोप — आईला ताप. 'मी आहे, वहिनी आहे, काळजी नको.' काळजी नको म्हटलं की हटकून लागते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चेहरा बघितला आईचा, फोनवर. वाळलीय. बोलताना मधे मधे थांबते आणि थांबली ते कळू नये म्हणून चष्मा पुसते. मी विचारलं, "येऊ का?" तर उसळलीच. "कशाला? जिना चढले की दम लागतो, एवढंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दम लागायचा नाही तर काय शिट्टी वाजायची? तुझी रजा जपून ठेव. लागलीच तर तू आहेस की नऊ तासांवर!"

मागे वहिनी उभी होती. ती हसली नाही.

नऊ तास! तो शब्द आला की हल्ली मी विषय बदलते.

९ नोव्हेंबर, रविवार

आईला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. दोन्ही बाजूंना. दादाचा आवाज नेहमीसारखाच शांत — त्याचं घर जळत असतं तरी त्याने 'जरा धूर आहे' असंच सांगितलं असतं. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट, नाकाला ऑक्सिजन. "दोन-चार दिवसांत घरी सोडतील."

मी म्हटलं, निघते. दादा म्हणाला, "आईने मला बजावलंय. उगाच बोलवायचं नाही. अगदीच गरज पडली तर नऊ तास आधी सांग, म्हणते. पोस्टातली बाई ती! सगळा हिशेब लावून बसलीय." आणि हसला. मीही हसले! काय म्हणून हसले मी?

आता इथे तरी लिहावंच. दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी तिकडून निघताना आई दाराशी उभी होती. रडत नव्हती, पण माझ्या बॅगेचं हॅण्डल सोडत नव्हती. "किती लांब गं ते. मला काही झालं तर तू कुठे आणि मी कुठे." माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मग मी काय केलं? शहाणपणा! दादाच्या खोलीत गेले, आमच्या कंपनीचं पान उघडलं, त्यांच्या गावापासून माझ्या गावापर्यंतचं, आणि छापून आणलं. सात हजार तीनशे सत्तर किलोमीटर, घड्याळ मात्र दोन्हीकडे जवळपास एकच. नऊ तास दहा मिनिटं. म्हटलं, "हे बघ. सकाळी निघाले तर संध्याकाळच्या चहाला तुझ्याकडे." आईने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. पस्तीस वर्षं पोस्टात काढली तिने. छापलेल्या वेळेवर तिचा जेवढा विश्वास, तेवढा माणसांवर नाही. टपालगाडीची छापलेली वेळ म्हणजे वेळ. तिने हॅण्डल सोडलं.

तिच्या हातात द्यायच्या आधी तळाची ती बारीक ओळ मी कात्रीने कापून टाकली होती. हो. कापली. नीट, सरळ कापली.

सरळ विमान नाहीच. कधीच नव्हतं. तीन विमानं बदलायची, मधे दोन ठिकाणी बसून राहायचं, वर अडीच तास गाडी. एकूण एकतीस तास. दर वेळी गेले की मी सांगायचे, 'इथलं काम उरकून निघाले, म्हणून उशीर.' त्यांना काय, मी दारात दिसल्याशी मतलब.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवरोबाला सगळं सांगितलं. तो आमटी ढवळत होता, तसाच डाव हातात धरून उभा राहिला. "कात्रीने?" म्हणाला. मग म्हणाला, "आत्ता फोन कर आणि दादाला खरं सांग. ते नऊ तास धरून चाललेत."

करते म्हटलं. फोन हातात घेतला. काय सांगू? की तुझ्या बहिणीने आईला फसवलं, तेही छापून? उद्या करीन. आईला बरं वाटलं की आपोआप विषय संपेल. झाकली मूठ.

मोठ्या बाईंना रजेचं विचारून ठेवलं. "या आठवड्यात चाळीस नवे विमानतळ घ्यायचेत," म्हणाल्या. म्हणजे नाही. पण नाही असं म्हणाल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईला बरं आहे! उठून बसली, दोन घास भात खाल्ला, नर्सला म्हणाली की तुझ्या टाचेला भेगा पडल्यात, काहीतरी लाव. दादाने हे सांगितलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात एकटीच नाचले.

नाही सांगितलं दादाला. आता कशाला, असं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी बारा. स्वयंपाकघरात.

अकराला दहा कमी होते. आगाऊ काहीतरी विनोद सांगत होता. दादाचा फोन. दादा ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही. जिन्यात जाऊन उचलला.

म्हणाला, "पहाटेपासून श्वास बिघडलाय. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं थकली. नळी घालायची नाही असं आईने लिहूनच दिलंय. आजचा दिवस, उद्याचा दिवस... पुढचं सांगता येत नाही म्हणतात. तू नीघ आता. तसा वेळ आहे. आत्ता निघालीस तर रात्री आठपर्यंत येशील, तोवर काही होत नाही. मी आईला सांगितलंय तू येतेयस म्हणून. तिने मला खाट भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवायला लावली!"

मी म्हटलं, "दादा, एकतीस."

"काय एकतीस?"

"तास. एकतीस तास लागतात. सरळ विमान नाही. नव्हतंच कधी."

मागे कसलीशी चाकं असलेली गाडी खडखडत गेली, ती ऐकू आली. मग इतकंच म्हणाला, "नऊ म्हणाली होतीस ना गं तू?"

मी सांगितलं. पान, कात्री, सगळं. जिन्यात लोक वर-खाली करत होते. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मी रविवारीच बोलावणार होतो तुला. आईनेच अडवलं. म्हणाली, नऊ तासांचं तर काम, तिची रजा फुकट घालवू नकोस." आणि मग, "बरं. नीघ. कशीही नीघ."

रविवारी निघाले असते तर सोमवारी रात्री तिच्यापाशी असते. काल ती भात खात होती तेव्हा मी तिथे असते.

१२ नोव्हेंबर, दुपारी चार

विमानतळ. तिकीट मिळालं, सव्वापाचचं. मोठ्या बाईंना फोनवर सांगितलं तर एका शब्दाने अडवलं नाही, "जा गं, जा" म्हणाल्या. त्यांचे ते चाळीस विमानतळ राहिले बाजूला. माणूस वाईट नाही. नवरोबाने बॅग भरली — सहा मोजे आणि एकही साडी नाही, ड्रेस नाही! भांडायचंही भान नव्हतं.

तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई बूट काढायला तयार होईना. दहा मिनिटं गेली. एकतीस तासांत दहा मिनिटांनी काय होतंय! पण मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी दहा

मधल्या विमानतळावर आहे. पाच तास उडून काल इथे उतरले. सवय वाईट — उतरल्या उतरल्या फोनवर अंतर काढलं. इथून आईच्या गावापर्यंत सात हजार सातशे ऐंशी. म्हणजे घरी बसले होते तेव्हा चारशे दहा किलोमीटर जवळ होते! पाच तास उडाले ते उलट्या दिशेला. सरळ रेघ ओढणाऱ्यांना हे कसं कळावं.

सकाळी सव्वासातला पुढच्या विमानात बसवलं. पट्टे बांधले. बसलो. बसूनच राहिलो. एक तास, दोन तास. पंख्याचा आवाज यायचा आणि बंद व्हायचा. मग कप्तानाचा आवाज — एक छोटासा बिघाड आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मी कुठे सहकार्य केलं? मला बांधून ठेवलं होतं! साडेनऊला सगळ्यांना खाली उतरवलं. कुणी म्हणतं बाराला निघेल, कुणी चारला.

दादाला फोन. कालच्या रात्री आठ वाजल्यापासून आई दाराकडे बघतेय. दर वेळी दार वाजलं की मान वळवते. डबेवाली आली, झाडूवाला आला, डॉक्टर आला. पहाटे दादाला म्हणाली, "नऊ तास कधीच झाले रे." दादाने सांगितलं, विमानाला उशीर. "होतो," म्हणाली. "पावसाळ्यात टपालालाही व्हायचा."

पावसाळा नाही आता. तिला ठाऊक आहे ते. मला सावरून घेतलं तिने.

दुपारी एक

काउंटरवर गेले. पलीकडे बसलेली मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, केस घट्ट बांधलेले. तिला म्हटलं, माझी आई जातेय, काहीही करा, दुसऱ्या कुठल्याही विमानात टाका. तिने खरंच शोधलं, खोटं नाही बोलत. दहा मिनिटं कळा बडवत होती. दुसऱ्या वाटेने गेले तर आणखी सहा तास उशीर. "आमच्या हातात काही नाही हो," म्हणाली. म्हटलं, मग कुणाच्या हातात आहे? मागच्या माणसाने घसा खाकरला. मी बाजूला झाले.

इथल्या खुर्च्यांना मधे मधे दांडे आहेत, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. सगळीकडे काच. समोर आमचं विमान उभं आहे, त्याच्या पंखाखाली दोन माणसं शिडी लावून काहीतरी बघताहेत. मधेच एक जण खाली उतरतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मी तीन तास त्या माणसाच्या पाठीकडे बघतेय. त्याने पाना उचलला की माझ्या जिवात जीव येतो, खाली ठेवला की जातो.

दुपारी साडेतीन

वहिनीचा फोन. दादा बाहेर गेला होता तेव्हा तिने केला. ती सरळ बोलते, म्हणून आजवर आमचं फारसं जमलं नाही. आज तिनेच मला खरं सांगितलं.

म्हणाली, "तुला हे कळायला हवं. आमचे हे सांगणार नाहीत तुला. आईंना खूप त्रास होतोय. अगदी बघवत नाही गं. एकेक श्वास ओढावा लागतो, सगळं अंग हलतं. डॉक्टरांनी कालपासून इंजेक्शन तयार ठेवलंय. त्याने धाप कमी होईल, पण गुंगी येईल, आणि त्यातून त्या पुन्हा जाग्या होतील असं नाही. आई देऊ देत नाहीत. नर्स आली की हात पांघरुणात लपवतात. म्हणतात, लेक येईल आणि मी झोपलेली असेन. आल्यावर घेते."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

वहिनी म्हणाली, "तुला दोष द्यायला नाही केला मी फोन. पण त्या तुझ्यासाठी थांबल्यात."

म्हणजे हे असं आहे. आईला मी फसवलं आणि शिक्षा तिला. काल रात्री आठपासून प्रत्येक तास ती माझ्या त्या कागदापायी सोसतेय. कागद माझा, कात्री माझी, श्वास तिचा. मी इथे काचेआड बसून कॉफी पितेय. हो, पितेय! तीन कप झाले. बसल्या बसल्या दुसरं करता काय येतं मला?

संध्याकाळी पाच

रद्द. विमान रद्द. कर्मचाऱ्यांचे तास संपले म्हणे — बिघाड दुरुस्त झाला, पण आता चालवणाऱ्याने नियमाने झोपायला हवं. पुढचं विमान उद्या सकाळी दहाला. म्हणजे मी शनिवारी पहाटे पोचणार.

मी बॅग वाटेतच टाकून भिंतीशी जाऊन बसले. एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थाने माझी बॅग उचलून भिंतीशी ठेवली आणि काही न विचारता निघून गेला.

संध्याकाळी सहा

दादाशी बोलले. म्हटलं, तिला खरं सांगूया. की मी शनिवारशिवाय येत नाही, थांबू नकोस, इंजेक्शन घे. आता पुरे झाला खोटेपणा. दादा म्हणाला, "तूच सांग. माझ्याने होणार नाही." फोन आईच्या कानाशी धरला.

आधी नुसता ऑक्सिजनचा आवाज. मग ते ओढणं. आरीने लाकूड कापतात तसं.

मी म्हटलं, "आई, मी ठमी. माझं विमान रद्द झालंय गं. मी शनिवारी पहाटे पोचेन. तू थांबू नकोस. त्यांना इंजेक्शन देऊ दे. ऐकतेस ना?"

तिला एकेक शब्दाला श्वास लागत होता. म्हणाली, "शनिवार... बरं. सावकाश ये. धावपळ नको... थांबते मी."

"नको थांबूस, आई!"

"थांबते गं."

नंतर दादाने सांगितलं, तिने आणखी एक उशी मागितली. पाठीशी लावली, सरळ बसली. नर्सला खुणेने सांगितलं, तो ट्रे घेऊन जा. शनिवारपर्यंत थांबायची तयारी करून बसलीय. डॉक्टर म्हणाले, शनिवार शक्यच नाही; तिने इंजेक्शन घेतलं नाही तर ती अशीच जाणार, घुसमटून, शुद्धीत.

खरं सांगितलं तर हे झालं. आयुष्यात एकदा धड खरं बोलले आणि तेही तिच्याच अंगावर गेलं.

दादा रडत होता. दादाला मी कधी रडताना ऐकलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही तो माणसांना खुर्च्या देत होता. म्हणाला, "तू हुशार आहेस. तू काहीतरी कर." लहानपणी कुलूप अडकलं, सायकलची साखळी निघाली की हेच म्हणायचा, मोठा असून! दादा, माझ्या हातात एक फोन आहे आणि एक बॅग आहे सहा मोज्यांची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी सात

हॉटेलात नेलं होतं आम्हाला, परत आणलं. झोप नाही. दादाचा निरोप पाच वाजता — 'अजून बसलीय. ओठ निळे. हात लपवलेलाच आहे.'

नवरोबाशी बोलले. त्याला म्हटलं, माझ्या मनात एक आहे, पण ते फार वाईट आहे. तो म्हणाला, "मला सांगू नकोस. कर." आणि मग म्हणाला, "एवढ्या लांबून तुला दुसरं काय करता येणारे?"

मी दोनदा दादाला फोन लावला आणि उचलायच्या आत तोडला. हे केलं की आईला भेटायचं संपलं. मग शनिवारी मी पोचेन ती कुणाकडे? आणि नाही केलं, तर ती माझी वाट बघत बघत, त्या उशीला टेकून... नाही. नाही लिहवत.

१४ नोव्हेंबर, साडेआठ

विमानतळ तोच. घोषणा ऐकू जाऊ नयेत म्हणून बायकांच्या शौचालयात गेले, आतली कडी लावली. दादाला सांगितलं मी काय करणार ते. त्याने नर्सला ट्रे घेऊन बोलावलं आणि फोन आईच्या कानाशी धरला.

म्हटलं, "आई, पोचले गं. दुसरं विमान मिळालं. खाली आहे, दारावर. भेटीचा पास करताहेत, त्याला जरा वेळ लागतोय. तू इंजेक्शन घे तोवर. मी आलेच वर."

दादा सांगतो, आईने पांघरुणातून हात काढला आणि नर्सपुढे धरला. मग बराच वेळ घेऊन दोन्ही पाय जवळ ओढले, खाटेच्या कडेला जागा केली. मला बसायला.